रीत आजची की कालची?

(इंग्रजी शिकणाऱ्या तरुण बंधुभगिनींसाठी एक पाठ)

शास्त्रवाचन : दानीएल ६:१०, लूक २:४१, १ योहान ३:९



देवाच्या कृपेने आज खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत असे घर विरळाच, ज्यात कोणी ना कोणी इंग्रजी शिकत नाही. मुलगी नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज लिहिते, मुलगा वसतिगृहाच्या अधीक्षकास पत्र लिहितो, कोणी परप्रांतातून आलेल्या पाहुण्यांपुढे आपली साक्ष इंग्रजीत सांगतो. चकलांब्यात अशी पत्रे पाळकाकडे तपासावयास येतात, आणि त्यांत एक दोष वारंवार आढळतो. शब्द बरोबर असतात, अक्षरेही बरोबर असतात. परंतु जी गोष्ट माणूस नित्य करतो, किंवा एके काळी नित्य करीत असे, ती सांगताना क्रियापदाचा काळ चुकतो. आजची रीत कालची होऊन बसते आणि कालची रीत आजची.

हा दोष दिसावयास लहान, पण परिणामाने लहान नाही. समजा, एका मुलीचे वडील पूर्वी दारू पीत असत. सहा वर्षांपूर्वी त्यांनी ती सोडली व ते आजपर्यंत स्थिर आहेत. मुलगी अर्जात घरची पूर्वस्थिती लिहू पाहते आणि लिहून जाते, "माय फादर ड्रिंक्स." ज्याने तिच्या वडिलांस कधी पाहिले नाही तो अधिकारी यातून एवढेच समजणार की, हा मनुष्य आजही पितो. ज्या पापाची प्रभूने क्षमा केली, ते एका चुकीच्या क्रियापदाने पुन्हा त्या मनुष्याच्या माथी आले. यास्तव हा विषय केवळ परीक्षेच्या गुणांचा नव्हे, खरेपणाचाही आहे, हे ध्यानी धरून आपण तो क्रमाने पाहू.

आपल्या मराठीची चाल

प्रथम आपल्या भाषेकडे पाहावे. "मी दर रविवारी उपासनेस जातो", "मी जात असतो", ही झाली चालू रीत. "मी जाई", "मी जात असे", "मी जायचो", ही झाली मागील रीत. या मागल्या रूपास आपल्या व्याकरणात रीतिभूतकाळ असे नाव आहे. म्हणजे आज व काल यांतील भेद मराठीस ठाऊक नाही असे नाही. तो उत्तम ठाऊक आहे.

परंतु रूपे आपली जागा बदलतात, हेही लक्षात ठेवावे. "करी", "जाई", "मारी" ही रूपे आज भूतकाळाची वाटतात. तथापि ज्ञानेश्वरीच्या काळी, म्हणजे १२९० च्या सुमारास, हीच रूपे वर्तमानकाळाची होती. त्या जुन्या अर्थाची खूण आपल्या म्हणींत अद्याप राहिली आहे. "देव तारी त्याला कोण मारी" असे आपण म्हणतो, तेव्हा देव पूर्वी तारीत असे व आता तारीत नाही, असा अर्थ कोणीही घेत नाही. "दाम करी काम" या म्हणीतही तसेच. बोध हा की, रूपावर विसंबू नये. सांगणाराच्या मनातील अर्थ काय, हे आधी विचारावे.

दुसरी अडचण अशी की, मराठीतील काही रूपे दोन अर्थ वाहतात. "मी बाजारास जात होतो" या वाक्याचा अर्थ, त्या घटकेस मी वाटेवर होतो, असा होईल. किंवा त्या वर्षांत मी नेहमी जात असे, असाही होईल. "येतो" असे म्हणून आपण निरोप घेतो, तेव्हा तर ते रूप वर्तमानकाळाचे असूनही कामगिरी भविष्यकाळाची करते. ऐकणारा प्रसंगावरून समजून घेतो, म्हणून घोटाळा होत नाही. इंग्रजीत मात्र या दोन अर्थांना दोन निराळी रूपे आहेत, आणि लिहिणाराला त्यांतून एक निवडावेच लागते. म्हणून शब्दास शब्द ठेवून भाषांतर करणारा येथे हटकून अडखळतो.

इंग्रजीतील पाच नियम

पहिला नियम. जी रीत आज चालू आहे, तिला साधा वर्तमानकाळ योजावा. आपल्या बीड जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडून ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि टोळी कारखान्याच्या रानात उतरते. ती हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते. हे दर वर्षीचे आहे. म्हणून लिहावे, "वी गो टू कट शुगरकेन एव्हरी यिअर." येथे "वी आर गोइंग" असे लिहिल्यास, आमचे बिऱ्हाड आत्ता गाडीत भरले जात आहे किंवा लवकरच निघणार आहे, असा अर्थ होतो. चालू वर्तमानकाळ हा या क्षणाचा अथवा थोड्या मुदतीचा आहे. "मुले यंदा आजीपाशी राहत आहेत" हे तात्पुरते आहे, म्हणून "द चिल्ड्रन आर स्टेइंग विथ देअर ग्रँडमदर धिस यिअर" हे योग्य. आणि "ही इज ऑलवेज कमिंग लेट" असे कोणी म्हटले, तर त्यात त्रासाचा सूर असतो. पाहुण्यांस मंडळीची रीत सांगताना हा सूर आपणांस नको.

दुसरा नियम. गोष्ट जर मागील काळाची असेल, तर त्या काळातील रीतही साध्या भूतकाळात सांगावी. मिस सिंथिया फॅरार या अमेरिकन मिशनच्या शिक्षिका १८२७ साली मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मुलींना शिकवीत. १८६२ साली त्या निवर्तल्या. त्यांनी एकदाच शिकविले नाही, वर्षानुवर्षे शिकविले. तरी इंग्रजीत "मिस फॅरार टॉट गर्ल्स" एवढेच पुरते. "एव्हरी डे", "एव्हरी यिअर" असे शब्द जोडले की रीतीचा अर्थ स्पष्ट होतो.

येथे एक शंका विद्यार्थी नेहमी विचारतात. "गतवर्षी मी एका वृद्धास भेटलो, तो रोज पहाटे शास्त्र वाची", हे इंग्रजीत भूतकाळात लिहिले, तर तो वृद्ध वारला किंवा त्याने वाचन सोडले, असे होत नाही काय? उत्तर, होत नाही. साधा भूतकाळ एवढेच सांगतो की, ज्या काळाची मी गोष्ट सांगतो त्या काळी असे होते. आजचे काय, याविषयी तो मौन धरतो. त्या वृद्धाचा नेम आजही चालू आहे हे वाचणारास कळवावयाचे असेल, तर पुढे एक वाक्य वर्तमानकाळात घालावे : "ही स्टिल रीड्स इट एव्हरी मॉर्निंग." मात्र एकाच वाक्यात "व्हेन आय वॉज अ बॉय, आय गो टू स्कूल ऑन फूट" अशी सरमिसळ करू नये. "व्हेन आय वॉज" असे म्हणताच काळ मागे गेला. पुढील क्रियापदानेही मागे गेले पाहिजे, म्हणजे "आय वेंट".

तिसरा नियम. जी रीत पूर्वी होती आणि आता राहिली नाही, असे मुद्दाम सांगावयाचे असते, तेथे "यूस्ट टू" ही शब्दजोडी येते. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि त्या राज्यात हाली शिक्क्याचा रुपया चालत असे. आता तो चालत नाही. म्हणून "पीपल यूस्ट टू पे इन हाली रुपीज." तसेच पूर्वी शेतकरी बैल जुंपून मोटेने विहिरीचे पाणी काढीत, आता विजेचे पंप आहेत, येथेही "यूस्ट टू" शोभते.

या जोडीविषयी तीन सूचना देतो. एक, तिच्या शेवटी "डी" हे अक्षर लिहितात, पण ते कानास ऐकू येत नाही. म्हणून पुष्कळ जण ते गाळतात, आणि मग ही जोडी वर्तमानकाळाची आहे असे समजून "आय यूज टू गेट अप अ‍ॅट फाइव्ह" असे चालू रीतीसाठी लिहितात. हे सर्वथा चूक होय. या जोडीस वर्तमानकाळ नाहीच. आज पाचला उठत असाल, तर "आय गेट अप अ‍ॅट फाइव्ह" किंवा "आय यूज्युअली गेट अप अ‍ॅट फाइव्ह" असे लिहा. फक्त "डिड" हा शब्द पुढे आला असता ते "डी" अक्षर लिहिण्यातून जाते. दोन, किती वर्षे अथवा किती वेळा हे मोजून सांगितले असेल, तेथे ही जोडी घालू नये. "मी तीन वर्षे गेवराईस राहत होतो" याचे इंग्रजी "आय लिव्ड इन गेवराई फॉर थ्री यिअर्स" असे होते. तीन, "आय अ‍ॅम यूस्ट टू वॉकिंग" हे वाक्य अगदी निराळे आहे; त्याचा अर्थ, मला चालण्याची सवय आहे, असा आजचा होतो.

चौथा नियम. मागील काळाचे वर्णन एकदा सुरू झाले म्हणजे "वुड" या शब्दानेही पुनःपुन्हा घडलेली कृती सांगता येते. आपल्या "जाई", "बसे", "वाची" या रूपांशी त्याची चांगली जुळणी होते. "माझे आजोबा संध्याकाळी ओट्यावर बसत व आम्हांस गोष्टी सांगत" येथे "ही वुड सिट अँड टेल अस स्टोरीज" असे सुंदर होते. पण स्थिती सांगावयास "वुड" चालत नाही. "देवळाजवळ एक लिंबाचे झाड असे" याला "देअर यूस्ट टू बी अ नीम ट्री" असेच म्हटले पाहिजे.

पाचवा नियम. जी रीत मागे सुरू झाली आणि आजपर्यंत चालली आहे, व जिचा काळ मोजून सांगावयाचा आहे, तिला "हॅव" अथवा "हॅज" लागते. "मी दहा वर्षांपासून शिकवीत आहे" याचे "आय अ‍ॅम टीचिंग सिन्स टेन यिअर्स" असे भाषांतर सर्रास ऐकू येते. ते मराठी वाक्याचे हाड न हाड तसेच ठेवून केलेले आहे. शुद्ध रूप "आय हॅव बीन टीचिंग फॉर टेन यिअर्स" हे होय.

पवित्र शास्त्रातील उदाहरणे

नियम पाठ केल्याने जितका उलगडा होत नाही, तितका चांगले उदाहरण पाहिल्याने होतो. आणि आपणांस रोजच्या परिचयाचे उदाहरण पवित्र शास्त्रापेक्षा दुसरे कोणते मिळणार? आपली मराठी प्रत उजवीकडे व इंग्रजी प्रत डावीकडे ठेवून पुढील वचने पाहावी.

लूक २:४१ मध्ये येशूचे आईबाप वल्हांडण सणास दर वर्षी यरुशलेमेस जात, असे सांगितले आहे. मूळ ग्रीक भाषेत येथे चालू राहणाऱ्या भूतकाळाचे रूप आहे, आणि आपले "जात असत" त्यास नेमके जुळते. १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात साधा भूतकाळ असून "एव्हरी यिअर" या शब्दांनी रीत दाखविली आहे. हा आपला दुसरा नियम झाला.

मार्क १५:६ पाहा. सणाच्या वेळी सुभेदार एक बंदिवान सोडीत असे. येथेही ग्रीक रूप रीतीचे आहे. परंतु १६११ च्या भाषांतरात केवळ "रिलीज्ड" असा शब्द असल्यामुळे, नवखा वाचक असे समजू शकतो की, हे एकदाच घडले, आणि बरब्बाला पुढच्या वचनात येण्याआधीच सोडला गेला. त्याच भाषांतरात मत्तय २७:१५ येथे मात्र "वॉज वोंट टू" असे जुने शब्द घालून ती रीत होती हे स्पष्ट केले आहे. १९४६ साली सुधारलेला इंग्रजी नवा करार निघाला, त्यात मार्काच्या या वचनी "यूस्ट टू" घातले गेले, आणि शंका उरली नाही.

आता योहानाच्या पहिल्या पत्रातील ३:९ हे वचन घ्या. येथे प्रश्न भारी आहे. देवापासून जन्मलेला पाप करीत नाही, असा त्याचा आशय. जुन्या इंग्रजी भाषांतरात साधा वर्तमानकाळ आहे. तो वाचून कित्येक कोवळ्या विश्वासणाऱ्यांचे मन भयभीत झाले आहे : मजकडून काल एक पाप घडले, तर मी देवाचे मूल नाही काय? पण याच पत्राच्या १:८ मध्ये, आपल्या ठायी पाप नाही असे म्हणणारा स्वतःस फसवितो, असेही शिकविले आहे. मग मेळ कसा बसावा? पुष्कळ विद्वान दाखवितात की, ३:९ मधील ग्रीक वर्तमानकाळ एकवारच्या कृतीचा नसून चालू रीतीचा आहे. पापाची वहिवाट ठेवणे देवाच्या लेकरास शोभत नाही, असा त्याचा रोख आहे. १९७८ व २००१ साली पूर्ण झालेल्या दोन प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांनी हा अर्थ शब्दांत उघड केला : एकाने पाप करीत राहणे असे म्हटले, दुसऱ्याने पापाचा परिपाठ ठेवणे असे म्हटले. सर्व अर्थ एका काळाच्या रूपावरच तोलू नये, असेही काही विद्वान म्हणतात, व ते योग्यच आहे. पत्राचा पूर्वापर संदर्भ पाहावाच लागतो. तथापि क्रियापदाच्या एका रूपावर एखाद्या जिवाची शांती कशी अवलंबून असू शकते, हे यावरून दिसून येते.

१८११ साली श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मराठी नवा करार छापविला. पंडिता रमाबाईंचे संपूर्ण शास्त्राचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. ही कामे करणारांपुढे, ही कृती एकदाची की रीतीची, हा प्रश्न पानोपानी उभा राहिला असला पाहिजे. आपण एक अर्ज लिहिताना तोच प्रश्न विचारतो, एवढाच फरक.

खरेपणाची कसोटी

आता व्यवहाराकडे वळू. नववी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. शेजाऱ्याने जे सोडले ते तो अद्याप करतो, असे लिहिणे ही अजाणता दिलेली खोटी साक्षच होय. पौलाने करिंथकरांस त्यांची जुनी पापे एकेक करून सांगितली, आणि लगेच १ करिंथ ६:११ मध्ये ती भूतकाळात ठेवली. तुम्ही तसे होता, असे तो म्हणतो. तुम्ही तसे आहा, असे म्हणत नाही. कोणाविषयी इंग्रजीत अथवा मराठीत लिहिताना हा प्रेषिताचा कित्ता गिरवावा.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. जी रीत आज जिवंत आहे, तिला "यूस्ट टू" म्हणून पुरून टाकण्याचा मोह मनुष्यास होतो. तंबाखूची पुडी खिशात असताना "आय यूस्ट टू च्यू टोबॅको" असे लिहिणे हे व्याकरणाने शुद्ध व सत्याने अशुद्ध. उलट, कोणी भाबडेपणाने पाहुण्यांस सांगतो, "आय यूज टू प्रे डेली." त्याच्या मनात असते की मी रोज प्रार्थना करतो, पण ऐकणाराच्या कानी पडते की, हा बिचारा पूर्वी प्रार्थना करीत असे व आता त्याने ती सोडली. ज्या घरी पूर्वी संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना होत असे व आता होत नाही, त्या घराला हे वाक्य मात्र तंतोतंत लागू पडेल. अशा घराने व्याकरण नव्हे, रीतच दुरुस्त करावी.

म्हणून लिहिण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावे. ही रीत आज चालू आहे काय? असल्यास साधा वर्तमानकाळ. मी मागील काळाची गोष्ट सांगत आहे काय? असल्यास साधा भूतकाळ. ती रीत आता बंद झाली, हे मला मुद्दाम सांगावयाचे आहे काय? असल्यास "यूस्ट टू". या तिन्हींचे उत्तर खरे द्या, म्हणजे क्रियापद बहुधा आपोआप बरोबर येईल.

अभ्यास

पुढील वाक्यांचे इंग्रजी आधी स्वतः करावे, मग उत्तरे पाहावी.

१. आमची मंडळी दर रविवारी सकाळी जमते.
२. माझे आजोबा गेवराईस पायी जात असत.
३. मी आलो तेव्हा तुमची आई प्रार्थना करीत होती.
४. ती दोन वर्षे बीडला राहत होती.
५. माझा भाऊ पूर्वी तंबाखू खात असे, आता खात नाही.
६. ती पाच वर्षांपासून शब्बाथशाळेत शिकवते.

उत्तरे. १. "अवर चर्च मीट्स एव्हरी संडे मॉर्निंग." २. "माय ग्रँडफादर यूस्ट टू वॉक टू गेवराई". येथे "वॉक्ड" हेही चालेल. ३. "युअर मदर वॉज प्रेइंग व्हेन आय केम". ही रीत नव्हे, त्या घटकेची कृती आहे. ४. "शी लिव्ड इन बीड फॉर टू यिअर्स". वर्षे मोजली आहेत, म्हणून "यूस्ट टू" नको. ५. "माय ब्रदर यूस्ट टू च्यू टोबॅको, बट ही डज नॉट च्यू इट नाऊ." ६. "शी हॅज बीन टीचिंग इन संडे स्कूल फॉर फाइव्ह यिअर्स."

शेवटी दानीएलाकडे पाहू. राजाच्या फर्मानावर सही झाली हे कळल्यावरही तो घरी गेला आणि आपल्या पूर्वीच्या रीतीप्रमाणे दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना करीत राहिला, असे ६:१० मध्ये आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरात येथे साधा भूतकाळ आहे, आणि शेवटी, तो आधी करीत असे तसेच, अशी पुस्ती आहे. तेथे कोणी "यूस्ट टू" घातले असते, तर वाचकास वाटले असते की, फर्मान निघाले व प्रार्थना थांबली. ती थांबली नाही, म्हणूनच दानीएलाचे नाव आपण घेतो. तरुण बंधुभगिनींनो, इंग्रजी मन लावून शिका. आणि ज्या रीती प्रभूला आवडतात, त्या सांगताना तुम्हांस नेहमी वर्तमानकाळच योजता यावा, असे वागा.